आलेखातील खाच

मराठी माध्यमातून शालेय विज्ञान शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची 'त्वरण' या शब्दाशी माध्यमिक शाळेत कधीतरी ओळख होते आणि परीक्षा संपताच हा शब्द आपला निरोप घेतो. 'वेग' मात्र जन्मभर सोबत राहतो. साहित्यचर्चेतही त्याचा वावर मोठा आहे. कथनाचा वेग, आधुनिक जीवनाचा वेग, वेगाने बदलणारी मूल्यव्यवस्था असे प्रयोग आपण सहज करतो. कथनाच्या त्वरणाबद्दल कुणी बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गंमत अशी की, माणसाच्या शरीराला वेग मुळी कळतच नाही. पृथ्वी आपल्याला घेऊन सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावत असते आणि आपण निवांतपणे चहा पीत बसलेले असतो. उलट एस.टी.च्या चालकाने अवचित ब्रेक दाबला की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या उतारूलाही जाग येते. वेगात होणारा बदल तेवढा आपल्याला जाणवतो, आणि या बदलाच्या दराचेच नाव त्वरण.

हे जाणण्याचे साधन निसर्गाने आपल्या कानात ठेवले आहे. आंतरकर्णातील एका मऊ पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. शरीर पुढे झेपावले की हे स्फटिक जडत्वामुळे किंचित मागे रेंगाळतात, त्यांच्याखालचे केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी मिळते. ॲक्सेलरोमीटर या यंत्राची रचना तत्त्वतः हीच आहे. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले एक अतिसूक्ष्म वस्तुमान अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते. चिप पुढे सरकली की ते मागे राहते. किती मागे राहिले, हे शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युतधारिता बदलल्यामुळे समजते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मोटारींतील एअरबॅगसाठी अशा चिपा मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या. आज त्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. 'त्वरणमापक' असा त्यांचा प्रतिशब्द कोशात सापडेल, पण माझ्या कानाला तो प्रयोगशाळेतील कपाटावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा वाटतो, म्हणून या लेखापुरता मी बोलीतला इंग्रजी शब्दच वापरतो.

या यंत्राशी माझा संबंध दुहेरी आहे. पोटासाठी मी अमेरिकेतील ओहायो राज्यात मोजमापाच्या उपकरणांचे काम केले आणि मनासाठी मराठी समीक्षा वाचत राहिलो. हे दोन व्यवसाय एकमेकांपासून दूर आहेत, असा माझा बरीच वर्षे समज होता. तो एका ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर हळूहळू विरघळला. त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात आहे.

ड्रॅग रेसिंग हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नसल्याने थोडे प्रास्ताविक करणे भाग आहे. दोन मोटारी, एक सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. वळण नाही, डावपेच जवळजवळ नाहीत. उभ्या स्थितीतून निघायचे आणि पलीकडच्या रेषेपर्यंत पोहोचायचे. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांची तळे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्या यांवर हा खेळ वाढला. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना करून त्याला नियमांची चौकट दिली. १९६३ पासून सुरुवातीचा इशारा देण्यासाठी दिव्यांचा खांब आला. रंगीत दिव्यांमुळे त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. सर्वांत वरच्या वर्गातील गाड्या नायट्रोमिथेनवर धावतात. निघताना त्यांच्या चालकाला स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट जोर पाठीवर जाणवतो, आणि शेवटी त्यांचा वेग ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे जातो. २००८ साली न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे स्कॉट कलिटा हा चालक मरण पावल्यानंतर या वर्गांसाठी अंतर घटवून १००० फूट करण्यात आले. बाकीच्यांसाठी पाव मैल किंवा त्याच्या निम्मे अंतर कायम राहिले.

परंतु गावोगावच्या पट्ट्यांवर शनिवार-रविवारी जो खेळ चालतो, तो निराळा. त्याला 'ब्रॅकेट रेसिंग' म्हणतात आणि माझ्या मते जगातील सर्वांत तात्त्विक खेळांपैकी तो एक असावा. त्यात प्रत्येक चालकाने आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल, हे आधीच काचेवर लिहायचे असते. समजा, एकाने १२.४० लिहिले आणि दुसऱ्याने १४.१०. मग दुसऱ्याला १.७० सेकंद आधी सोडले जाते. दोघे आपापल्या भाकिताप्रमाणे धावले, तर रेषेवर एकत्र पोहोचतील. जो स्वतःच्या भाकिताहून जास्त वेगाने धावेल, तो बाद. म्हणजे ऐपतीपेक्षा कमी बोलणाऱ्यालाही शिक्षा आणि जास्त बोलणाऱ्यालाही. इथे श्रीमंताच्या नव्या गाडीला जुन्या गाडीवर आपोआप मात करता येत नाही. जिंकतो तो, ज्याला स्वतःची अचूक जाण आहे आणि जो सेकंदाच्या शतांशापर्यंत सातत्य राखतो.

हे सातत्य तपासण्यासाठी डेटा लॉगिंग लागते. पट्टीवरची यंत्रणा प्रत्येक धावेनंतर एक चिठ्ठी देते. तिच्यावर ६०, ३३०, ६६०, १००० आणि १३२० फुटांवरचे वेळ व वेगाचे आकडे असतात. चिठ्ठी खरी असते, पण त्रोटक. बखरीत जसे अमुक दिवशी स्वारी निघाली, तमुक दिवशी गड घेतला एवढेच यावे आणि वाटेतल्या मुक्कामांबद्दल चकार शब्द नसावा, तसे. हे मुक्काम ॲक्सेलरोमीटर टिपतो. म्हणून त्याची निवड हा केवळ खरेदीचा प्रश्न राहत नाही. आपल्याला नेमके काय ऐकायचे आहे, याचा निर्णय तिथेच होतो.

पहिला निर्णय प्रकाराचा. पीझोविद्युत जातीचे ॲक्सेलरोमीटर कंपने मोजण्यात निष्णात असतात, पण सलग टिकणारे त्वरण त्यांना सांगता येत नाही. धक्का बसला की ते संकेत देतात आणि तोच जोर कायम राहिला तर काही वेळाने शून्यावर येतात. गाडी बारा सेकंद सतत पुढे रेटली जात असताना असा साक्षीदार उपयोगाचा नाही. प्रसंगाने चकित होणारा आणि स्थितीला मात्र चटकन सरावणारा वाचक जसा असतो, तसाच हा. या कामाला धारितेच्या तत्त्वावर चालणारा हवा. तो स्थिर त्वरणही धरून ठेवतो.

दुसरा निर्णय पल्ल्याचा. गुरुत्वाकर्षणामुळे पडत्या वस्तूला जे त्वरण मिळते, त्याला एक 'जी' म्हणतात. रस्त्यावर चालण्याजोगी, बऱ्यापैकी ताकदवान गाडी निघताना सुमारे एक जीपर्यंत जाते. मग दोन जीपर्यंत मोजणारी चिप पुरेशी वाटते. प्रत्यक्षात ती अपुरी पडते, कारण त्या एक जीवर इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे खडबडीतपण स्वार झालेले असते. कंपनांची शिखरे दोन जीच्या पलीकडे गेली की यंत्र ती छाटून टाकते. वरची शिखरे छाटली गेली आणि खालच्या दऱ्या तशाच राहिल्या, तर सरासरीही खाली ओढली जाते. म्हणजे हानी केवळ शिखरांची होत नाही, मधला प्रदेशही खोटा ठरतो. मग दोनशे जीची चिप घ्यावी का? ती अपघात किंवा आघात मोजायला बनवलेली असते. तिची सर्वांत लहान पायरीच जीच्या सुमारे विसाव्या भागाएवढी असते. तिच्या दृष्टीने आमची बारा सेकंदांची धाव म्हणजे चार-दोन ठोकळे. अशा साध्या गाडीसाठी चार जीचा पल्ला बहुधा योग्य ठरतो. समीक्षेत आपण निकष निवडतो, तेव्हा असेच काहीसे घडत असावे. महाकाव्याचा गज घेऊन भावकवितेकडे गेलो तर ती सपाट दिसते, आणि भावकवितेची फूटपट्टी घेऊन महाकाव्याकडे गेलो तर त्याचे माथे उडालेले दिसतात.

तिसरा निर्णय नोंदींच्या वारंवारतेचा, आणि इथे यंत्र सर्वांत कावेबाज खोटे बोलू शकते. आठ सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४०० स्फोट होतात आणि गाडी त्या तालावर थरथरते. आपण सेकंदाला १०० नोंदी घेत असू, तर प्रत्येक नोंद थरथरीच्या नेमक्या त्याच टप्प्यावर पडते. परिणामी सेकंदाला ४०० वेळा वरखाली होणारी गोष्ट कागदावर एका सरळ, शांत रेषेच्या रूपात उमटते आणि खऱ्या त्वरणात बेमालूम मिसळते. फेरे थोडे वाढून ६०१५ झाले की तीच थरथर सेकंदाला एकदा हेलकावणारी संथ लाट म्हणून दिसू लागते. अशी लाट गाडीत कुठेही नसते. ती आपल्या पाहण्याच्या तालातून जन्मते. एकदा नोंद झाल्यावर ही लाट कोणत्याही गणिताने बाजूला काढता येत नाही. म्हणून नोंद घेण्यापूर्वीच गाळणी लावावी लागते आणि मूळ चिपेकडून नोंदी भरपूर घ्याव्या लागतात. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांची मांडणी केली. ती वाचताना मला नेहमी वाटते की, लय ही कलाकृतीत असते एवढे म्हणून भागत नाही. वाचकाच्या स्वतःच्या तालाने तिच्यावर काय लादले, हेही विचारावे लागते.

आता यंत्र बसवण्याचा प्रश्न. यंत्र ज्याला जखडले आहे, त्याचीच हालचाल ते सांगते. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या स्पंजच्या पट्टीने ते डॅशबोर्डवर लावले, तर ते स्पंजचे आत्मचरित्र लिहील. गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ, फरशीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट आवळणे हा त्यावर उपाय. दिशेचेही भान हवे. १९४९ साली कॅलिफोर्नियातील लष्करी तळावर जॉन पॉल स्टॅप यांच्या रॉकेटवरच्या घसरगाडीचे प्रयोग चालले होते. माणसाचे शरीर किती मंदन सोसू शकते, हे पाहायचे होते. एडवर्ड मर्फी या अभियंत्याने आणलेले संवेदक उलटे जोडले गेले आणि सगळा खटाटोप होऊन हाती शून्य आले. चुकण्याजोगे असेल ते चुकणारच, हा मर्फीच्या नावाने जगभर पसरलेला नियम त्या उलट्या जोडणीतून निघाल्याचे सांगतात. याच स्टॅप यांनी १९५४ साली स्वतःच्या देहावर ४६ जीहून अधिक मंदन झेलले.

सर्वांत खोल अडचण मात्र तत्त्वाची आहे. टेबलावर स्वस्थ पडलेला ॲक्सेलरोमीटर उभ्या दिशेने एक जी दाखवतो, आणि तोच हातातून सोडला तर पडताना शून्य दाखवतो. स्थिर असताना त्याला त्वरण 'दिसते' आणि पडताना दिसत नाही. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आइन्स्टाइन यांना छपरावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही असे सुचले, ते हेच. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांत भेद करणे आतल्या साक्षीदाराला शक्य नसते. गाडी निघताना मागची बाजू दबते आणि नाक वर उठते. हा कल फक्त दोन अंशांचा असला, तरी गुरुत्वाकर्षणाचा सुमारे साडेतीन टक्के अंश पुढच्या दिशेत झिरपतो. तो बारा सेकंद तसाच राहिला असे धरले, तर हिशेबात वेग ताशी सुमारे १५ किलोमीटरने आणि अंतर सुमारे २५ मीटरने फुगते. आपल्या कानातल्या स्फटिकांचीही हीच फसगत होते. विमानवाहू जहाजावरून अंधारात झेप घेणाऱ्या वैमानिकाला नाक वर चालले आहे असा भास होतो आणि तो ते खाली दाबू पाहतो. ज्या यंत्रावर विसंबून आपण शरीराची साक्ष तपासणार, त्याची फसगतही शरीरासारखीच होते, हे मला नेहमी अंतर्मुख करते.

यावर उपाय आहेत. निघण्यापूर्वी गाडी रेषेवर उभी असताना दोन-तीन सेकंदांची नोंद घ्यायची आणि तिला शून्य मानायचे. सोबत कोन मोजणारा गायरो जोडायचा. उपग्रहावरून वेग सांगणारे यंत्र लावायचे. आणि शेवटी पट्टीच्या चिठ्ठीशी ताळा करायचा. तो करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पट्टीचे घड्याळ गाडी हलताच सुरू होत नाही, पुढचे चाक प्रकाशकिरणाच्या बाहेर पडल्यावर सुरू होते. त्याआधी गाडी साधारण फूटभर सरकलेली असते. साध्या गाडीला तेवढ्या अंतराला सेकंदाचे जवळपास तीन दशांश लागतात. ते घड्याळाच्या लेखी घडलेलेच नसतात, पण ॲक्सेलरोमीटरच्या लेखी असतात. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, फक्त त्यांचा आरंभ वेगळा आहे. त्वरणावरून वेग काढायचा, तर मुळात वेग किती होता हे बाहेरून कळावे लागते. संथ धावणाऱ्या आगगाडीत आणि फलाटावर या यंत्राचे पुढच्या दिशेचे वाचन एकच. गणितात त्या बाहेरून आणाव्या लागणाऱ्या संख्येला स्थिरांक म्हणतात. संहितेबाहेरचे काहीही न मानणाऱ्या समीक्षेशी वाद घालताना मला हा स्थिरांक आठवतो.

हे सारे मी शिकलो ते आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीवर. ते साठी ओलांडलेले, छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे १९६९ सालची शेव्हरोले कमारो होती, हाताने बदलायच्या चार गिअरांची. ब्रॅकेट रेसिंगमध्ये बहुतेकजण स्वयंचलित गिअर पसंत करतात, कारण त्यात माणसाचा हात मधे येत नाही. यांना मात्र हात मधे यायला हवा होता. त्याशिवाय भाकिताला अर्थ काय, असे ते म्हणत. पाच उन्हाळे मी त्यांच्या गाडीतील नोंदी सांभाळल्या. त्यांच्या धावा १२.४० सेकंदांच्या आसपास इतक्या एकसारख्या असत की, आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेषा दिसावी.

अशा गाडीच्या आलेखात तीन खाचा असतात. गिअर बदलताना क्लच दाबला की ओढ तुटते, त्वरण शून्याच्याही किंचित खाली जाते, आणि नवा गिअर पडला की पुन्हा उसळी घेते. त्यांची खाच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रुंद असे. सहाव्या उन्हाळ्यात चिठ्ठीवरचे आकडे विस्कटू लागले. १२.४३, १२.५५, १२.४९. ते सलग चार शनिवार पहिल्याच फेरीत हरले. गिअरबॉक्स झिजला असावा असे त्यांचे निदान होते. तो नव्याने बांधून घेण्यासाठी साठवलेल्या पैशांपैकी मोठी रक्कम ते खर्च करायला निघाले होते.

मी आलेख काढून बसलो. खाचा रुंदावल्या होत्या, विशेषतः दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जातानाची. तिथे दांडी सरळ ओढून चालत नाही, पुढे ढकलून उजवीकडे वळवावी लागते. ती खाच अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेली होती. क्लच घसरत असता, तर खाचेची उजवी भिंत तिरपी झाली असती, कारण ओढ हळूहळू परतली असती. इथे दोन्ही भिंती पूर्वीसारख्याच उभ्या होत्या, फक्त तळ लांबला होता. उरल्या दोन शक्यता, गिअरबॉक्स किंवा हात. त्यांची चाळिशीतली मुलगी याच गाडीवर त्यांच्याकडून शिकलेली. सरावाच्या दिवशी तिला तीन धावा करायला सांगितले. तिच्या तिन्ही धावांत खाचा अरुंद आल्या.

आता माझ्यापुढे जो प्रश्न होता, तो कोणत्याही उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत नसतो. आलेख 'काय' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. हात मंदावला होता हे दिसत होते. वय, थकवा, चिंता की आणखी काही, हे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. गप्प राहणेही शक्य नव्हते, कारण धडधाकट गिअरबॉक्ससाठी त्यांचे पैसे जाणार होते, आणि कदाचित पैशांहून महत्त्वाचे काही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या होत्या. त्या प्रयोगावरचे त्यांचे 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' १९२९ साली निघाले. मी तेच केले. मुलीची एक धाव आणि त्यांची एक धाव, नाव आणि तारीख न लिहिता, एकाखाली एक छापली आणि त्यांच्यापुढे ठेवली. काही सांगितले नाही. छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस, मुद्रित तपासावे तसे बोट फिरवत त्यांनी दोन्ही रेषा वाचल्या. तिसऱ्या गिअरच्या खाचेशी बोट थांबले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"वरची धाव मुलीची ना?"

मी होय म्हणालो.

"म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. नंतर मुलीकडून कळले की, तोच कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. पुढे काही महिन्यांनी, बऱ्याच तपासण्यांनंतर, पार्किन्सन्सचे निदान झाले. उजव्या हातापासून सुरुवात होती.

यंत्राने रोग ओळखला असे म्हणण्याचा मोह मला होत नाही. यंत्राने फक्त एका खाचेची रुंदी टिपली. तिचा अर्थ लागण्यासाठी आधीच्या पाच उन्हाळ्यांचे आलेख लागले, भिंत आणि तळ यांतला फरक कळावा लागला, दुसरा हात त्याच गाडीवर आणावा लागला. आणि शेवटचे वाचन ज्याचे होते, त्यानेच केले. विद्यार्थ्यांना आपण 'संहितेचे जवळून वाचन करा' असे सांगतो, तेव्हा बहुधा चातुर्य अपेक्षित असते. जवळून वाचण्यात कुणाच्या तरी जगण्याला हात लागतो, आणि म्हणून कुठे थांबायचे आणि कुणाकडे कागद सोपवायचा हेही वाचनाचेच भाग आहेत, हे मला वाङ्मयाच्या वर्गात कुणी शिकवले नव्हते. कदाचित ते वर्गात शिकवता येत नसेल. पण त्याचा उच्चार तरी व्हावा.

पुढच्या मोसमापासून गाडी मुलगी चालवू लागली. शेजारी पट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. नोंदी उतरवण्याचे काम माझे, वाचण्याचे त्यांचे. गेल्या उन्हाळ्यात तिचा एक आलेख मी निर्दोष म्हणून बाजूला ठेवला होता. त्यांनी तो पुन्हा मागून घेतला आणि १००० फुटांच्या जरा अलीकडे थरथरते बोट टेकवले. तिथे रेषा केसभर वाकली होती. मी तिला कंपनाचा अवशेष समजलो असतो. ते म्हणाले, तिथे काँक्रीट संपून डांबर लागते. मागचे चाक किंचित सुटते आणि पाय आपोआप वर येतो. ती घाबरते आहे, पण तिला ते ठाऊक नाही. मीही कितीतरी वर्षे तिथे पाय उचलत होतो.

त्यांनी मुलीला हाक मारली आणि कागद तिच्या हाती दिला. काय दिसते ते मात्र सांगितले नाही.